सात वर्ग, एक गुरुजी आणि गप्प बसवलेली मुलं

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. गाव आणि शाळा ओळखू येईल असा मजकूर वगळून ते थोडक्यात देतो.

"गावात सरकारी मराठी शाळा आहे, पहिली ते सातवी. पट ४८. कायमचे गुरुजी एकच. जोडीला एक अतिथी शिक्षिका आहेत, पण त्यांचा भरवसा नाही. मी एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीत आहे. नोव्हेंबरात पंचायतीत मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा झाली. सहावीतली एक पोर उठून म्हणाली, 'सात वर्गांना एक सर, आमचा नंबर कधी लागतोय?' टाळ्या पडल्या. मग एक मेंबर म्हणाले, लहान तोंडी मोठा घास घेऊ नये. दुसऱ्या दिवशी शाळेतही तिला बोलणी बसली. आता एकही पोर तोंड उघडत नाही. तरुण मंडळी म्हणतात, शाळेला टाळं ठोकू आणि पोरांना घेऊन अधिवेशनावर मोर्चा नेऊ. आणि एक. नववीतली एक मुलगी तुळशीच्या लग्नापासून शाळेत येईना. पंधरा वर्षांची आहे. माघात तिचं लग्न करायचं चाललंय, मुलगा चंदगडकडचा. यात आपण पडावं की नाही, कळेना."

ताई,

पत्रात शेवटी लिहिलेलं आधी घेऊ. गुरुजी दोन महिने उशिरा आले तर मुलांचा अभ्यास भरून काढता येतो. माघातलं लग्न लागून गेलं की ते निस्तरायला वर्षं जातात.

यात पडायला तुम्ही मुलीच्या नात्यातल्या असायची गरज नाही. वयाआधी लग्न लावलं जाण्याचा धोका असलेलं मूल बालन्याय कायदा, २०१५ प्रमाणे 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल' ठरतं. म्हणजे जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला त्यात थेट हात घालता येतो. १०९८ ला फोन करा, तो चोवीस तास चालू असतो. 'माझं नाव कुठे सांगू नका' हे सुरुवातीलाच बोलून घ्या. कन्नड नीट बोलणारं कुणी शेजारी असलं तर बरं. मुलीचं नाव, जन्मतारीख, शाळा, लग्नाचा ठरलेला दिवस, दोन्हीकडची गावं, एवढं कागदावर लिहून मगच फोन लावा, म्हणजे गडबडीत काही राहत नाही. सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी), तहसीलदार आणि तुमच्या पंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. "हे आमच्याकडे येत नाही" असं यांतल्या कुणालाच म्हणता येत नाही.

आता सीमाभागातली खास अडचण. आधी गावात बैठक बसवून मुलीच्या बापाला चारचौघांत समजवायला गेलात, तर लग्न मोडण्याऐवजी जागा बदलण्याची भीती असते. वऱ्हाड रातोरात महाराष्ट्रात, चंदगड नाहीतर दोडामार्गकडे निघालं की इथला पीडीओ हात वर करतो. शिवाय कायद्यातही फरक पडतो. कर्नाटकाने २०१७ पासून बालविवाह मुळातच रद्दबातल धरला आहे. महाराष्ट्रात सरसकट तसं नाही, तिथे साधारणपणे मुलीलाच पुढे कोर्टात जाऊन लग्न रद्द करून घ्यावं लागतं. म्हणून अधिकारी आले, बापाकडून हमीपत्र लिहून घेतलं आणि चहा पिऊन परत गेले, एवढ्यावर समाधान मानू नका. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ च्या कलम १३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घ्या, असा आग्रह धरा. घाईच्या वेळी समोरच्याला नोटीस न देताही तात्पुरता हुकूम मिळतो. तो हुकूम निघाल्यावर लग्न इकडे लावलं काय किंवा घाटाखाली लावलं काय, कलम १४ प्रमाणे ते मुळातच रद्द. सीमेच्या दोन्ही बाजूंना चालणारा कागद हाच आहे.

वयाचा वाद निघणारच. बालन्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम दिला आहे. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिका-पंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड त्या यादीत नाही. त्यामुळे 'आधारवर अठरा पूर्ण आहेत' हे उत्तर चालत नाही. हायस्कूलच्या रजिस्टरचा उतारा अधिकाऱ्यांनीच मागवायचा असतो, तुम्ही शाळेत जाऊन मागितलात तर बातमी संध्याकाळपर्यंत घरी पोचते.

आणि तिला कुणी विचारलंय का? तिचा विश्वास असलेली मावशी, अंगणवाडीच्या बाई किंवा हायस्कूलची शिक्षिका, कुणीतरी एकटीने बसून विचारायला हवं. मुली गप्प राहतात त्याचं मोठं कारण म्हणजे 'बोललीस तर बालगृहात टाकतील' ही धमकी. तिला सांगा, की संस्थेत ठेवणं हा कायद्यानेच शेवटचा उपाय मानलेला आहे. समिती तिला आईवडिलांच्याच ताब्यात, अटी घालून, ठेवू शकते. हायस्कूल लांब आहे म्हणून नाव काढलं असेल तर तो प्रश्न वेगळा सोडवता येतो: राज्यातल्या साध्या बसला मुलींना शक्ती योजनेत तिकीट नाही, आणि वेळेवर बस नसेल तर मागासवर्ग कल्याण खात्याच्या वसतिगृहाची चौकशी करता येते.

आता शाळा.

तुमच्या मंडळींच्या डोक्यात 'मराठी शाळा वाचवा' ही घोषणा आहे. भावना खरी आहे, पण अर्जात ती पहिल्या ओळीत घालू नका. मातृभाषेतून शिक्षणाबद्दल संविधानाचं कलम ३५०-अ म्हणतं, की राज्याने तसा 'प्रयत्न' करावा. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २९ म्हणतं, 'शक्य असेल तितपत'. या दोन शब्दांच्या फटीतून अख्खं खातं निसटून जातं. शिक्षकांच्या संख्येला मात्र अशी फट नाही. त्या कायद्याच्या परिशिष्टात साधा हिशेब आहे: पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक. सहावीपासून पुढे वर्गामागे किमान १, आणि तेही असे, की विज्ञान-गणित, समाजशास्त्र आणि भाषा या तिन्हींना माणूस मिळेल. कलम २६ प्रमाणे रिकाम्या जागा मंजूर जागांच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत. समजा तुमच्याकडे चार मंजूर आहेत आणि एकच भरलेली आहे, तर ७५ टक्के रिकाम्या झाल्या. हे गणित अर्जात मांडलं की त्यावर वाद घालायला जागा राहत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या पोरीची सहावी एप्रिलच्या आत संपते.

भाषेचा मुद्दा सोडायचा नाही, फक्त योग्य जागी ठेवायचा. 'रिक्त पद मराठी माध्यमाचं असून त्याच माध्यमाच्या शिक्षकाने भरावं' एवढं वाक्य पुरे. ते नसेल तर मराठी न येणारे शिक्षक पाठवून 'जागा भरली' असं कागदावर दाखवलं जाऊ शकतं. भाषिक अल्पसंख्याकांच्या केंद्रीय आयुक्तांना अर्जाची प्रत जरूर पाठवा, कलम ३५०-ब त्यासाठीच आहे. पण शिक्षक नेमण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही, हे लक्षात ठेवा.

सुरुवात गुरुजींपासून करा. मुलीला बोलणी बसली ती चूकच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारण्याइतकीच मानसिक त्रास देण्यालाही बंदी आहे, आणि हे त्यांना शांतपणे, एकट्यात सांगायला हवं. पण सात वर्ग एका माणसाच्या गळ्यात कुणी घातले, ते त्यांनी नाही. वरून कोण काय म्हणेल या धास्तीने ते पोरीवर चिडले असतील. त्यांच्यावरच पहिली तक्रार टाकलीत तर शाळेतला एकमेव शिक्षक तुमच्या विरोधात उभा राहील आणि सगळे कागद त्यांच्याच कपाटात आहेत. रिक्त जागांबद्दल त्यांनी आजवर वर काय कळवलं, त्याच्या प्रती मागा. काहीच कळवलं नसेल तर पहिलं पत्र आता लिहायला लावा. पुन्हा कुणा मुलाला त्रास झाला तर मात्र कलम १७ चं नाव घेऊन लेखी द्यायचं, हेही त्यांना आधीच कळू द्या.

यानंतर मुलांचं म्हणणं. इथे मोठी माणसं दोन चुका करतात. एक तर मुलांना विचारतच नाहीत, किंवा आपलंच भाषण त्यांच्या तोंडी घालतात. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसमधल्या कारकुनालाही पाठ केलेलं वाक्य लगेच कळतं. संयुक्त राष्ट्रांच्या बाल हक्क संहितेच्या कलम १२ प्रमाणे मुलाला आपल्याविषयीच्या गोष्टीत मत मांडण्याचा हक्क आहे आणि भारताने ती संहिता ११ डिसेंबर १९९२ ला स्वीकारली. मेंबरांच्या 'लहान तोंडी मोठा घास'ला हे उत्तर आहे, पण ते भांडायला न वापरता काम करायला वापरा.

शाळेबाहेर बसा, अंगणवाडीत किंवा कुणाच्या सोप्यावर. गुरुजी नकोत, मेंबर नकोत, ज्या मुलांचं ऐकायचं त्यांचे आईबापही समोर नकोत. मोठी दोन माणसं, त्यात एक बाई. एका वेळी सहा-आठ मुलं, तीही वयाप्रमाणे: पहिली-दुसरीची पोरं चित्र काढून जास्त सांगतात, सहावी-सातवीच्या मुलींना वेगळं बसवलं तर संडासाचा, पाण्याचा विषय निघतो, एरवी निघत नाही. पाऊण तासाच्या वर ताणू नका. "सर शिकवत नाहीत ना रे?" असं विचारू नका. "काल शाळेत गेल्यापासून घरी येईपर्यंत काय काय झालं?" असं विचारा आणि गप्प बसा. पोर बोलेल ते तिच्याच बोलीत लिहा. 'आमचा नंबर कधी लागतोय' हे वाक्य सुधारून 'विद्यार्थ्यांकडे वैयक्तिक लक्ष दिले जात नाही' असं केलंत की त्यातला जीव गेला. नावं लिहायची नाहीत, 'सहावी, मुलगी' एवढंच. शेवटी सगळं वाचून दाखवायचं आणि ज्याला जे काढायचं असेल ते काढू द्यायचं. त्या पोरीला वेगळं विचारा, की तिचं ग्रामसभेतलं वाक्य अर्जात घेऊ का. नको म्हणाली तर नको. फोटो, व्हिडिओ, व्हॉट्सअॅप ग्रुप, यातलं काहीही नको. लोकांना वाटतं प्रसिद्धीने संरक्षण मिळतं. लहान गावात उलट होतं, पोर सगळ्यांच्या डोळ्यांवर येते.

अशा बैठकीत कधी कधी भलतंच बाहेर येतं. कुणी मारतं, कुणी नको तिथे हात लावतं. तसं झालं तर गट तिथेच थांबवा, त्या मुलाचं एकट्याचं ऐका, खोदून विचारू नका आणि 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द देऊ नका, कारण तो पाळता येणार नाही. पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. लिहिलं जाणारं कन्नड मुलाला समजत नसेल तर दुभाषा मिळण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. तो मागितल्याशिवाय मात्र मिळत नाही, म्हणून मागा.

मुलांचे कागद तयार झाले की एसडीएमसीची बैठक. समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असा कायदा आहे. तुमच्यात तसं आहे का ते पाहून घ्या, नाहीतर ठरावालाच हरकत निघते. ठराव एकाच विषयाचा करा. शिक्षक, संडास, कंपाउंड, बस आणि वाहून गेलेला साकव एकाच अर्जात घातला की तो पाच टेबलांवर फिरतो आणि कुठेच थांबत नाही. ठरावाला तीन कागद जोडा: मुलांचं म्हणणं, शिक्षकांचं गणित, आणि शाळेच्या वीस दिवसांची नोंद. ही नोंद पालकांनी आळीपाळीने ठेवायची, मुलांच्या डोक्यावर टाकायची नाही. रोज एक ओळ: कोण शिक्षक हजर, गुरुजी मीटिंगला किंवा सर्व्हेला गेले का, कुठले वर्ग एकत्र बसवले. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसऱ्या कामाला शिक्षक लावता येत नाहीत (शिक्षण हक्क कायदा, कलम २७), त्यामुळे ही ओळ पुढे फार उपयोगी पडते. वर शाळेचा २९ ने सुरू होणारा ११ अंकी यूडायस नंबर (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) लिहा. गावाच्या नावाच्या दोन शाळा असल्या की अर्ज चुकीच्या फायलीत जातो.

भाषेचं काय? तक्रार-अर्ज मराठीत द्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, आणि 'कन्नडमध्ये आणा' म्हणून तो परत करता येत नाही. तरीही सोबत कन्नड भाषांतर जोडा. यात कमीपणा काही नाही. फाईल ज्याच्या टेबलावर जाणार त्याला ती वाचता आली तर ती पुढे सरकते. वर मराठी, मागे कन्नड, आणि आकडे दोन्हीकडे सारखेच आहेत ना हे दोनदा तपासा.

माहिती अधिकाराची गोष्ट वेगळी. तिथे कायद्यातच इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं म्हटलंय, म्हणून तो अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत करा. कर्नाटकात त्याला आणखी दोन अटी आहेत, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. फी १० रुपये, बीपीएल कार्ड असेल तर नाही. बीईओ ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याला विचारायचं: शाळेची मंजूर पदं किती व कुठल्या माध्यमाची, भरलेली किती, रिकामी कधीपासून, डेप्युटेशनवर कुणाला कुठे पाठवलं त्या आदेशाची प्रत, अतिथी शिक्षकांच्या नेमणुकीची तारीख. 'शिक्षक का देत नाही' असं विचारलंत तर 'हा प्रश्न माहिती या व्याख्येत येत नाही' असं उत्तर येईल. तीस दिवस वाट पाहा, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

मूळ अर्ज शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खालचा आहे, हे ठळक लिहा. त्या कलमाप्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने म्हणणं ऐकून घेऊन ३ महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. 'निवेदन' असा मथळा घातलात तर ही मुदत लागू करायला अडचण येते. बीईओंच्या नावे अर्ज, प्रती पंचायतीला, जिल्हा पंचायतीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि डीडीपीआयना (जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालकांना). आपल्या प्रतीवर इनवर्ड नंबर, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. 'साहेब आल्यावर देतो' म्हणाले तर तसाच अर्ज स्पीड पोस्टने टाका आणि पावती त्याच कागदाला टाचा. तीन महिने उलटले किंवा निर्णय पटला नाही, तर बेंगळूरच्या राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही. त्याहूनही पुढे जायची वेळ आली तर धारवाड खंडपीठ आहे. मुलांना आणि बायकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका कोर्टातली विधी सेवा समिती किंवा १५१०० हा नंबर.

टाळं ठोकू नका. टाळ्याने त्या दिवशी अक्षर दासोहचं, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण बंद होतं आणि ज्या पोरांना त्या जेवणाची खरी गरज आहे तीच उपाशी राहतात. शिवाय चर्चा शिक्षकावरून बंदोबस्तावर जाते. रागाने दाखले काढून मुलांना इंग्रजी शाळेत घालणं तर आणखी वाईट, कारण सप्टेंबरअखेरची पटसंख्या यूडायसमध्ये जाते आणि पट घसरला की उरलेली पदंही हलवली जातात. अधिवेशन भरतं त्या सुवर्ण विधानसौधवर मोठ्यांनी खुशाल जावं. आमदारांना भेटून इनवर्ड नंबरसकट अर्जाची प्रत द्यावी आणि सभागृहात प्रश्न विचारायला सांगावा. मुलांना नेऊ नका. अधिवेशनाच्या दिवसांत बेळगावात काय वातावरण असतं ते तुम्हाला सांगायला नको, आणि गर्दीत पुढे उभं केलेलं पोर तिथे स्वतःचं म्हणणं मांडत नसतं, दुसऱ्याचा फलक धरून उभं असतं.

पंचायतीकडचं एक काम राहिलं. मक्कळ ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल पीडीओंकडे लेखी मागा. त्या पोरीचं बोलणं त्यात नोंदलंय का ते पाहा. नसेल तर तसं लिहून दुरुस्ती मागा. शिक्षक नेमणं पंचायतीच्या हातात नाही, पण ती मागणी बीईओंकडे ठरावासह पाठवणं आहे, आणि नळ, संडास, रस्त्यावरचा दिवा ही कामं तर त्यांचीच. यासाठी वेगळा, छोटा अर्ज.

वरून उत्तर येईल तेव्हा, 'मंजूर', 'नामंजूर' की 'विचाराधीन', काहीही असलं तरी ते त्याच सोप्यावर बसून त्याच मुलांना वाचून दाखवा, कन्नडमध्ये आलं असेल तर मराठी करून. आणि पुढच्या नोव्हेंबरात ग्रामसभा सुरू होताना पहिला प्रश्न मागच्या वर्षीच्या मागण्यांचं काय झालं हा असू द्या. तो त्या पोरीला विचारायचा असेल तर तिने विचारावा, नसेल तर तुम्ही विचारा.